संकेतस्थळासाठी जागा घेण्यापूर्वी

१० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग शहरात, ऱ्हाइन नदीच्या परिसरातील एका पाच मजली इमारतीला आग लागली. त्या इमारतीत माणसांचे वास्तव्य नव्हते. तेथे होते हजारो संगणक. ओव्हीएच या युरोपातील मोठ्या होस्टिंग कंपनीचे ते डेटा सेंटर होते. सकाळपर्यंत ती इमारत पूर्णपणे जळून गेली आणि शेजारच्या दुसऱ्या इमारतीतील काही दालनेही नष्ट झाली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. परंतु इंटरनेटची मोजदाद ठेवणाऱ्या नेटक्राफ्ट या कंपनीच्या गणतीनुसार सुमारे ३६ लाख संकेतस्थळे त्या दिवशी बंद पडली. त्यांत सरकारी कार्यालये होती, बँका होत्या, वृत्तसंस्था होत्या आणि आपला माल इंटरनेटवर विकणारी असंख्य लहानमोठी दुकानेही होती.

कंपनीच्या संस्थापकांनी त्याच पहाटे ग्राहकांना, आपापली आपत्कालीन योजना अमलात आणावी, असे कळविले. ज्यांच्याजवळ योजना होती त्यांनी ती अमलात आणली. ज्यांच्याजवळ नव्हती त्यांना प्रथमच कळले की अशी काही योजना स्वतः करावयाची असते. सर्वांत दुर्दैवी ठरले ते तिसऱ्या प्रकारचे ग्राहक. त्यांनी बॅकअपसाठी वेगळे पैसे भरले होते, पावती जपून ठेवली होती, आणि तरीही त्यांचे सर्व गेले. कारण मूळ प्रत आणि तिची नक्कल एकाच इमारतीत ठेवलेली होती. अशाच एका फ्रेंच कंपनीने दावा दाखल केला. ‘बॅकअपची प्रत मूळ यंत्रणेपासून भौतिकदृष्ट्या अलग ठेवली जाईल’ अशा अर्थाचे कलम करारात असल्याचे तिने दाखवून दिले आणि लील येथील व्यापार न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये एक लाख युरोहून अधिक भरपाई देण्याचा निकाल दिला. भरपाईची मर्यादा अत्यल्प ठरविणारे कलम कंपनीने पुढे केले होते, ते या न्यायालयाने ग्राह्य धरले नाही. ग्राहकाच्या बाजूने उभे राहिले ते करारातील एक वाक्य. ते वाक्य नसते तर निकाल काय लागला असता, याचा अंदाज कोणत्याही व्यापाऱ्याला करता येईल.

सांगलीची हळदीची पेढी असो, इचलकरंजीचे कापडाचे दुकान असो की सोलापूरचा चादरींचा कारखाना, आज बहुतेक व्यापारी घरांचे संकेतस्थळ असते. काही घरांच्या वार्षिक उलाढालीचा लक्षणीय भाग त्यावरून होतो. ग्राहकांचे पत्ते, मागण्यांची नोंद, मालाची छायाचित्रे, दरपत्रके आणि पत्रव्यवहार हे सारे तेथे साठते. दुकानासाठी गाळा घेताना जे घर सातबारा, मालमत्ता पत्रक, मागील भाडेकरूचा इतिहास आणि पावसाळ्यात गळती होते का, हे सारे तपासते, तेच घर होस्टिंग घेताना मात्र वार्षिक रक्कम तेवढी विचारते. हे अज्ञानामुळे घडते असे नाही. काय विचारावे हे कोणी सांगितलेले नसते, म्हणून घडते.

नाव, जागा आणि सजावट

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. डोमेन म्हणजे पेढीची पाटी, म्हणजेच इंटरनेटवरील तिचे नाव. होस्टिंग म्हणजे ज्या संगणकावर संकेतस्थळाच्या फाइली ठेवल्या जातात ती भाड्याची जागा. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. आणि संकेतस्थळ तयार करून देणारा माणूस हा सजावटकार. तिन्ही कामे एकाच माणसाकडे सोपविली जातात आणि गुंता तेथूनच सुरू होतो.

चित्र ओळखीचे आहे. नात्यातील किंवा गावातील एखादा हुशार तरुण संकेतस्थळ तयार करून देतो. डोमेनची नोंदणी तो स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने करतो. त्यात फसवणुकीचा हेतू क्वचितच असतो. काम लवकर व्हावे, एवढेच त्याच्या मनात असते. चार वर्षांनी तो पुण्याला किंवा परदेशी नोकरीला जातो, फोन क्रमांक बदलतो, आणि नूतनीकरणाची सूचना अशा ईमेलवर जाते जो कोणी उघडत नाही. आजोबांनी नावारूपाला आणलेल्या पेढीचे नाव कागदोपत्री दुसऱ्याच्या मालकीचे असते. बँकेतील पेढीचे चालू खाते मुनीमजी कितीही विश्वासू असले तरी त्यांच्या नावाने कोणी उघडत नाही. येथे नेमके तेच झालेले असते.

म्हणून पहिला प्रश्न होस्टिंगवाल्याला नव्हे, घरातच विचारावा: डोमेनचा नोंदणीकृत धारक कोण? नोंदणी ज्या कंपनीकडे केली त्या रजिस्ट्रारच्या खात्यात मालकाच्या किंवा पेढीच्या नावाने प्रवेश करून ते प्रत्यक्ष पाहावे. तोंडी आश्वासनावर थांबू नये. संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरील नसावा, कारण डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो आणि सूचना पोहोचतच नाही. होस्टिंगवाला पहिल्या वर्षी ‘डोमेन मोफत’ देत असेल तर ते कोणाच्या नावावर नोंदविले जाते आणि होस्टिंग सोडताना स्थलांतराचा संकेतांक विनाअट मिळतो का, हे लेखी घ्यावे. शक्य असल्यास डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवणे चांगले. थोडी गैरसोय होते. पण एकाशी वाद झाला तर दोन्ही गोष्टी त्याच्या हातात अडकत नाहीत.

मुदत चुकण्याची भीती केवळ लहान पेढ्यांनाच असते असे नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी पासपोर्ट डॉट कॉम या आपल्या डोमेनचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि ऐन नाताळाच्या तोंडावर हॉटमेलच्या ग्राहकांना आपल्या टपालापर्यंत पोहोचता येईना. अखेर एका त्रयस्थ अमेरिकन प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डाने ती रक्कम भरली. डॉट कॉमसारख्या नावांना मुदत उलटल्यावर काही सवलतीचे दिवस मिळतात. त्यानंतरच्या ३० दिवसांत नाव परत घेता येते, पण शुल्क जबर असते. आणि त्यानंतर ते नाव कोणालाही घेता येते. डॉट इन नावांची नोंदवही ‘निक्सी’ ही भारतीय संस्था सांभाळते. नूतनीकरण एकदम काही वर्षांचे करता येते, आणि पेढीच्या नावाबाबत ते करणेच शहाणपणाचे आहे.

बॅकअप घेतला जातो, पण परत मिळतो का?

आता होस्टिंगवाल्याकडे वळावे. बॅकअपविषयी विचारले की उत्तर ठरलेले असते: ‘होय, रोज घेतला जातो.’ या उत्तरावर समाधान मानणारा ग्राहक स्ट्रासबूर्गच्या ग्राहकाच्या रांगेत उभा असतो. खरे प्रश्न त्यापुढे सुरू होतात. प्रत कोठे ठेवली जाते, त्याच यंत्रावर, त्याच इमारतीत, की दुसऱ्या शहरात? किती दिवसांच्या प्रती राखल्या जातात? केवळ कालची प्रत असेल आणि बिघाड तीन दिवसांपूर्वीचा असेल, तर कालच्या प्रतीतही तोच बिघाड असतो. फाइलींबरोबर डेटाबेसचीही प्रत असते का? कारण ग्राहकांच्या मागण्या डेटाबेसमध्ये असतात. फाइलींत केवळ दुकानाची मांडणी असते. प्रत परत चढविण्याचे वेगळे पैसे पडतात का, आणि ग्राहकाला ती स्वतः उतरवून घेता येते का?

‘आमच्याकडे रेड आहे’ असे उत्तर आले तर सावध व्हावे. रेड म्हणजे एकच माहिती एकाच वेळी दोन किंवा अधिक डिस्कवर लिहिण्याची व्यवस्था. एक डिस्क बिघडली तर तिचा उपयोग होतो. परंतु कोणी चुकून फाइल पुसली तर ती सर्व डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. तो आरसा आहे. दुसऱ्या घरी ठेवलेली नक्कल नव्हे.

यांत सर्वांत दुर्लक्षित प्रश्न असा: ही प्रत शेवटची कधी प्रत्यक्ष वापरून पाहिली? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमरांचे काम साठविणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेस पुसला गेला. असे घडू शकते हे गृहीत धरूनच कंपनीने बॅकअपच्या अनेक पद्धती योजल्या होत्या. पाहतात तो नेहमीच्या बॅकअपची जागा रिकामी. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे तो बॅकअप अयशस्वी होत होता, आणि तसे कळविणारे ईमेल प्रमाणीकरणाअभावी परत फेटाळले जात असल्याने कोणालाही पत्ता नव्हता. योगायोगाने त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी वेगळ्या कामासाठी घेतलेली एक प्रत शिल्लक होती. तिच्यावरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहिले आणि मधल्या सहा तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने हा सारा वृत्तान्त स्वतःच जाहीर केला, हे तिच्या प्रामाणिकपणाचे द्योतक मानावे लागेल. होस्टिंगच्या व्यवसायात अशी वृत्ती विरळाच.

डेन्मार्कमधील क्लाउडनॉर्डिक या होस्टिंग कंपनीवर १८ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे खंडणीखोरांचा हल्ला झाला. सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसऱ्यात हलविण्याचे काम चालू असताना बाधित यंत्रे अंतर्गत जाळ्याला जोडली गेली आणि तेथून हल्लेखोर मुख्य सर्व्हर, पहिला बॅकअप व दुसरा बॅकअप अशा तिन्हींपर्यंत पोहोचले. सर्व डिस्क कुलूपबंद झाल्या. खंडणी देता येणार नाही आणि देणारही नाही, असे कंपनीने सांगितले. बहुसंख्य ग्राहकांची सर्व माहिती गमावल्याचेही तिने कबूल केले. म्हणून विचारावे की बॅकअपपैकी एखादी प्रत मुख्य जाळ्यापासून पूर्णपणे तोडलेली असते का. उत्तर काहीही मिळो, आठवड्यातून एकदा आपली प्रत आपणच उतरवून दुकानातील बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून तिजोरीत ठेवावी. ज्या घरात रोजमेळ रोज रात्री मिळविल्याशिवाय दुकान बंद होत नसे, त्या घराला ही शिस्त जड वाटू नये.

या साऱ्या चौकशीचा अर्क दोन आकड्यांत काढता येतो आणि ते दोन्ही आकडे लेखी मागावेत. दुर्घटना घडल्यास जास्तीत जास्त किती तासांची माहिती जाऊ शकेल? आणि किती तासांत संकेतस्थळ पुन्हा चालू होईल? किराणा मालाची केवळ माहिती देणाऱ्या स्थळाला एक दिवस आणि दोन दिवस ही उत्तरे चालतील. दिवाळीत दर मिनिटाला मागणी नोंदविणाऱ्या सराफी पेढीला ती चालणार नाहीत.

नऊच्या आकड्यांचा हिशेब

जाहिरातीत ‘९९.९ टक्के अपटाइम’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. टक्केवारीचे रूपांतर मिनिटांत केल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात. ९९ टक्के म्हणजे महिन्याला ४३२ मिनिटे, म्हणजे ७ तासांहून अधिक काळ बंद राहण्याची मुभा. ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटे. ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम सव्वाचार मिनिटे. ९९ आणि ९९.९ यांत कागदावर एकाहूनही कमी टक्क्याचा फरक दिसतो. वर्षाच्या हिशेबाने तो साडेतीन दिवस आणि पावणेनऊ तास यांच्यातील फरक आहे.

त्याहून महत्त्वाचे प्रश्न आकड्यामागे दडलेले असतात. हा काळ कोण मोजतो, कंपनी स्वतः की त्रयस्थ? आगाऊ कळवून केलेली दुरुस्ती त्यात धरली जाते का? बहुधा धरली जात नाही, आणि ती दुरुस्ती अमेरिकेतील रात्रीच्या वेळी केली जात असेल तर भारतात तेव्हा भर दिवसाचा बाजार चालू असतो. वचन मोडल्यास काय मिळते? साधारणतः त्या महिन्याच्या भाड्याचा काही भाग पुढील बिलात वळता केला जातो. महिना ३०० रुपये भाडे असेल तर भरपाई फार तर तेवढीच. बुडालेल्या विक्रीशी तिचा काहीही संबंध नसतो. शिवाय ती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागण्याची मुदतही ठरलेली असते.

‘अमर्याद’ या शब्दाकडेही याच दृष्टीने पाहावे. अमर्याद जागा, अमर्याद वाहतूक, अमर्याद ईमेल असे सांगणाऱ्या योजनेत मर्यादा असतेच. ती दुसऱ्या पानावर, दुसऱ्या नावाने असते. फाइली किती असाव्यात याची मर्यादा असते, तिला आयनोड म्हणतात. प्रत्येक छायाचित्र, प्रत्येक साठविलेले ईमेल ही एकेक फाइल, त्यामुळे साड्यांच्या पाच हजार छायाचित्रांच्या लहानमोठ्या आकारांतील नकला ही मर्यादा सहज ओलांडतात आणि मग नवे ईमेल येईनासे होते. प्रोसेसरचा किती वाटा मिळेल, किती मेमरी मिळेल, एका वेळी किती विनंत्या हाताळल्या जातील, याही मर्यादा असतात. स्वस्त योजना ही समाईक होस्टिंगची असते. एका सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडे नांदत असतात. सणाच्या सवलतीची जाहिरात वर्तमानपत्रात आली, एकाच वेळी दोनशे ग्राहक आले आणि पान उघडेनासे झाले, तर दोष मर्यादेचा असतो. म्हणून आकडे मागावेत आणि मर्यादा ओलांडल्यास स्थळ मंदावते, बंद पडते की जादा बिल येते, हे विचारावे. समाईक जागेतून व्हीपीएसमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरवर वेगळ्या राखलेल्या हिश्शात, जाण्यास किती वेळ लागतो, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. मात्र व्हीपीएसची देखभाल बहुधा ग्राहकाकडे असते. ‘मॅनेज्ड’ असे लिहिलेले नसेल, तर सर्व्हरची दुरुस्ती आणि सुरक्षा पाहणारा माणूस स्वतः ठेवावा लागतो. ते जमणार नसेल तर मोठी जागा घेऊन उपयोग नाही.

सर्व्हर कोणत्या गावात आहे?

हा प्रश्न अनेकांना निरर्थक वाटतो. इंटरनेटला अंतर कसले? पण अंतर असते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर धरले तर जाऊन येण्याला सेकंदाचा आठवा भाग लागतो, आणि तारा सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक. एक पान उघडताना अशा कित्येक फेऱ्या होतात. लातूरचा ग्राहक आणि नवी मुंबईचा सर्व्हर असेल तर ही उशिराची बाब जवळजवळ जाणवत नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील तारा तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट मंदावले होते. सर्व्हर देशातच असेल तर असा फटका कमी बसतो. उलट, ज्या पेढीचे ग्राहक दुबई, लंडन आणि न्यू जर्सीत आहेत तिने सीडीएनविषयी विचारावे. त्यात छायाचित्रांसारख्या न बदलणाऱ्या फाइलींच्या प्रती जगभरच्या अनेक केंद्रांवर ठेवल्या जातात.

गाव कळल्यावर इमारतीविषयीही विचारावे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचे पाणी दक्षिण मॅनहॅटनमध्ये शिरले, तेव्हा एका डेटा सेंटरचे जनित्र उंचावर, पण डिझेलचा साठा व पंप तळघरात होते. तळघर बुडाले. कर्मचारी आणि ग्राहक कंपन्यांची माणसे यांनी रांग लावून डिझेलच्या बादल्या जिन्याने सतरा मजले वर नेल्या आणि सर्व्हर चालू ठेवले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या प्रदेशाने जनित्र आणि इंधन कोणत्या मजल्यावर आहे हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. आग विझविण्याची स्वयंचलित व्यवस्था आहे का, हेही विचारावे. स्ट्रासबूर्गच्या त्या इमारतीत ती नव्हती.

गावाचा संबंध कायद्याशीही येतो. हिशेबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा बॅकअप दररोज भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवावा, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून झाला आहे. भागीदारी किंवा एकल मालकीच्या पेढीला तो लागू नाही. परंतु ज्या घरांनी व्यवसायाचे प्रायव्हेट लिमिटेडमध्ये रूपांतर केले आहे, त्यांनी हिशेब ऑनलाइन असल्यास हे तपासावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे ग्राहकांच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या व्यावसायिकाची आहे. काम कंत्राटदाराकडे दिले म्हणून ती टळत नाही, आणि सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. होस्टिंगवाला या नोंदी किती दिवस ठेवतो आणि मागितल्यास ग्राहकाला देतो का, हा प्रश्न त्यातूनच निघतो. परदेशी कंपनीकडून सेवा घेतल्यास नोंदणीकृत व्यापाऱ्याला जीएसटी उलट आकारणीने स्वतः भरावा लागतो. भारतीय कंपनी असेल तर बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक येतो ना, तेवढे पाहावे.

कुलपे आणि टपाल

सुरक्षेच्या बाबतीत काही गोष्टी आज इतक्या मूलभूत झाल्या आहेत की त्या नसतील तर पुढे बोलणीच करू नयेत. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ आणणारे एसएसएल प्रमाणपत्र ही त्यांतील पहिली. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर प्रमाणपत्र नसलेल्या स्थळावर ‘असुरक्षित’ अशी सूचना दाखवितो. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देते. त्यांची मुदत अल्प असल्याने नूतनीकरण आपोआप होते का, हे विचारावे. आणि साध्या प्रमाणपत्रासाठी कोणी दरवर्षी हजारो रुपये मागत असेल तर कारण विचारावे. नियंत्रण खात्याला पासवर्डखेरीज दुसरा पडताळा आहे का, फाइली चढविण्यासाठी एसएफटीपी आहे का (जुन्या एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो), आणि एका बिऱ्हाडात शिरलेला चोर शेजारच्या बिऱ्हाडात पोहोचू नये म्हणून खाती एकमेकांपासून अलग ठेवली आहेत का, एवढे प्रश्न पुरेसे आहेत. पीएचपीची कोणती आवृत्ती चालू आहे, हाही एक चांगला परीक्षेचा प्रश्न आहे. ७.४ या आवृत्तीची सुरक्षा दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि ८.० ची नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबली. जो अजूनही नव्या ग्राहकाला त्यांवर बसवितो, त्याच्या बाकीच्या उत्तरांवर विश्वास ठेवणे अवघड आहे.

ग्राहकांच्या कार्डांचे क्रमांक आपल्या सर्व्हरवर साठविण्याचा विचारही मनात आणू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ते साठविता येत नाहीत. पैशांचा व्यवहार पेमेंट गेटवेच्या पानावरच होऊ द्यावा.

टपालाचा प्रश्न मात्र बहुतेक जण विसरतात. होस्टिंगबरोबर ईमेल मोफत मिळते आणि काही महिन्यांनी ग्राहक सांगू लागतात की कोटेशन मिळालेच नाही. समाईक सर्व्हरवरील एखाद्या शेजाऱ्याने अवांछित टपालांचा मारा केला तर त्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि सज्जन शेजाऱ्याचेही टपाल स्पॅममध्ये पडते. शिवाय एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनवर असाव्या लागतात. पहिली नोंद सांगते, या पेढीच्या नावाने टपाल कोणते सर्व्हर पाठवू शकतात. दुसरी ही पाकिटावरची मोहोर. आणि मोहोर जुळली नाही तर पाकिटाचे काय करावे, ते तिसरी सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने या बाबतीत कडक धोरण स्वीकारले आहे. या नोंदी होस्टिंगवाला बसवून देईल का, हे विचारावे. आणि ज्या पेढीचा व्यवहार ईमेलवर चालतो तिने टपाल वेगळ्या सेवेकडे ठेवावे. संकेतस्थळ बंद पडले तरी पत्रव्यवहार चालू राहतो, हा त्याचा मोठा लाभ आहे.

आत येणे सोपे, बाहेर पडणे?

पहिल्या वर्षाचे दर आणि नूतनीकरणाचे दर यांत दुप्पट-तिप्पट अंतर असणे या व्यवसायात नवलाचे नाही. आरंभी कमी आणि पुढे वाढणाऱ्या व्याजाची गृहकर्जे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे नवे वाटणार नाही. तीन वर्षांची एकूण रक्कम काढूनच तुलना करावी. नियंत्रणाचे पटल सर्वत्र चालणारे आहे की कंपनीचे स्वतःचे, हेही पाहावे. स्वतःचे असेल तर संपूर्ण खाते बाहेर कसे काढता येते, ते करून दाखवावयास सांगावे. खाते बंद केल्यावर माहिती किती दिवस राहते आणि त्यानंतर खरोखर नष्ट केली जाते का, हा प्रश्न विचारणारे ग्राहक क्वचितच असतात.

मदत केंद्राची परीक्षा पैसे भरण्यापूर्वीच घ्यावी. एखाद्या रविवारी रात्री दहा वाजता एक तांत्रिक प्रश्न पाठवावा, उदाहरणार्थ बॅकअप कोणत्या शहरात ठेवला जातो, आणि उत्तर किती वेळात येते व ते छापील असते की विचारलेल्या प्रश्नाचे असते, हे पाहावे. विक्री विभाग पाच मिनिटांत उत्तर देतो. तांत्रिक विभागाला तीन दिवस लागत असतील, तर अडचणीच्या दिवशीही तसेच होणार. मिळालेली सर्व उत्तरे ईमेलवरच घ्यावीत आणि करारासोबत जपावीत.

अस्तित्वात असलेले स्थळ नव्या जागी हलवायचे असेल तर श्रावणापूर्वीचा शांत काळ बरा. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर हे काम काढू नये. हलविण्याच्या दोन दिवस आधी डोमेनच्या नोंदींतील टीटीएल हा कालावधी ३०० सेकंदांपर्यंत खाली आणावयास सांगावे, म्हणजे नवा पत्ता सर्वत्र लवकर पोहोचतो. नव्या जागी आधी एक मागणी नोंदवून, एक ईमेल पाठवून आणि एक मागवून पाहावे. जुन्या होस्टिंगचे भाडे त्यानंतर आणखी एक महिना भरावे. काही टपाल उशिरा जुन्या पत्त्यावरच येत राहते, आणि एखादी विसरलेली फाइल आठवण्यासही साधारण तेवढेच दिवस लागतात.